बापाला वकील मोफत मिळतो, हे त्याला सांगणार कोण?

आपल्या चळवळीत ॲट्रॉसिटीचा कायदा तोंडपाठ असलेले कार्यकर्ते गावोगाव आहेत. जात पडताळणीला कोणते कागद लागतात, शिष्यवृत्ती अडली तर अर्ज कुठे द्यायचा, वनहक्काचा दावा कसा भरायचा, हे चंद्रपूर-गडचिरोलीतला आपला पोरगा झोपेतून उठवला तरी सांगेल. पण एखादा बौद्ध मजूर किंवा गोंड शेतकरी येऊन म्हणाला, "दादा, बायको माहेरी गेली, आता मले पोरीले भेटू देत नाही, का करू?" तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. कोणी म्हणतं, चार माणसं घेऊन जा. कोणी म्हणतं, घरचा मामला आहे, समाजात बोभाटा नको. कोणी सरळ म्हणतं, सोडून दे, पोरगी मोठी झाली की येईल आपोआप.

मी हे बाहेरून बघून लिहीत नाही. माझी मुलगी 6 वर्षांची असताना तिची आई आणि मी वेगळे झालो. मुलगी आजोळी, दुसऱ्या तालुक्यात. सुरुवातीला फोनवर बोलणं व्हायचं, मग तेही बंद झालं. सात महिने मी तिला पाहिलं नाही. त्या काळात मी मोफत वकिलासाठी एका कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "ही योजना बायांसाठी आहे. पुरुषांना नाही." मी परत आलो. रात्री कायदाच उघडून वाचला.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987, कलम 12. मोफत कायदेशीर मदत कोणाला मिळते याची यादी तिथे आहे. यादीत स्त्रिया आणि मुलं आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण त्यांचा उल्लेख तिसऱ्या खंडात येतो. पहिल्याच खंडात लिहिलं आहे, अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीची व्यक्ती. पुरुष की स्त्री असा भेद तिथे नाही, उत्पन्नाची अटही नाही. उत्पन्नाची मर्यादा यादीच्या शेवटच्या खंडात येते. जे वरच्या कोणत्याच वर्गात बसत नाहीत त्यांच्यासाठी ती आहे. म्हणजे जातीचा दाखला हातात असलेला बाप, मग तो थर्मलमध्ये कंत्राटी कामगार असो की शाळेत शिपाई, मुलाच्या ताब्यासाठी किंवा भेटीसाठी सरकारी खर्चाने वकील मागू शकतो.

इथे आपल्यापैकी काहींच्या मनात शंका येईल. आम्ही तर बौद्ध, आम्हाला हे लागू आहे का? 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. त्यानंतर कितीतरी वर्षं बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या अनुसूचित जातीच्या यादीबाहेर होता. 1990 मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा समावेश झाला. ज्याच्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे, त्याला कलम 12 चा पहिला खंड लागू आहे. गोंड, माडिया, कोलाम, परधान बापालाही तोच खंड लागू आहे.

दुसऱ्या वेळी मी कायद्याची छापील प्रत आणि जातीचा दाखला घेऊन गेलो. अर्ज घेतला गेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही बापांची बाजू मांडताना आपण कोणाच्या रांगेत उभे राहतो, याचा विचार आपल्याला करावाच लागेल. "पुरुषांवर अन्याय" असं म्हणत हिंडणारे गट शहरांत आहेत, त्यांचे व्हिडिओ गडचिरोलीच्या मोबाइलवरही पोचतात. ते सांगतात की सगळे कायदे बायकांच्या बाजूचे आहेत, म्हणून पुरुषाला मूल मिळत नाही. मुलापासून तुटलेला बाप हे ऐकतो आणि त्याला वाटतं, कोणीतरी आपलं दुखणं बोललं. पण हे खरं आहे का?

कायदाच बघू. 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमात कलम 19 असं होतं की बाप हयात असेल आणि न्यायालयाच्या मते अपात्र नसेल, तर दुसऱ्या कोणाला मुलाचं पालक नेमता येणार नाही. तिथे आईचं नाव यायला 2010 ची दुरुस्ती व्हावी लागली. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्या "नंतर" आई असं आजही लिहिलेलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा पालक म्हणून आईची सही चालणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. त्यावर 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने "नंतर" या शब्दाचा अर्थ लावला. बाप हयात असला तरी तो जबाबदारी घेत नसेल, तर आईही नैसर्गिक पालक ठरते. आईला एवढं मिळवायला 1999 साल उजाडलं. मग कायदा बायकांचाच आहे हे कोणत्या तोंडाने म्हणायचं?

5 वर्षांखालचं मूल "सामान्यतः" आईकडे राहील, एवढी एक तरतूद त्या कलमात आहे. तान्ह्या लेकराला अंगावर पाजणारी, रात्री जागणारी आईच असते, म्हणून ती आहे. ज्याला ती तरतूद खटकते, त्याने लेकराला एक रात्र एकट्याने सांभाळून दाखवावं.

मग आपला बाप न्यायालयात हरतो कशामुळे? मी गेली काही वर्षं अशा बापांसोबत तारखांना जातो. मला दिसलेलं कारण साधं आहे. तो तिथे पोचतच नाही. 1890 च्या कायद्याप्रमाणे अर्ज मूल जिथे सामान्यतः राहतं त्या ठिकाणच्या न्यायालयात करावा लागतो. बाप राजुऱ्याचा आणि मूल आजोळी तेलंगणात आसिफाबादकडे असेल, तर तारीख तिकडे. सिरोंचाच्या माणसाला गडचिरोलीचं जिल्हा न्यायालय दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. तारीख फेब्रुवारीत पडली तर माणूस मिरची तोडायला तेलंगणात, मे महिन्यात पडली तर तेंदूच्या फळीवर. दोन-तीन तारखा चुकल्या की प्रकरण एकतर्फी तरी चालतं नाहीतर निकाली तरी निघतं. गावात मात्र निरोप पोचतो तो असा, "कोर्टानं बाईच्या बाजूनं दिलं."

यात बाईचा दोष काय? ती तर त्याच गावच्या दुसऱ्या टोकाची, त्याच जातीची, तितकीच गरीब. माझ्या प्रकरणात मुलीच्या आईलाही त्याच प्राधिकरणाने वकील दिला होता. काही लोक मला म्हणाले, दोघांनाही सरकारी वकील, मग ते आपसात मिळून जातील. असं होत नाही. दोन वेगळे पॅनेल वकील असतात आणि प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या पक्षकाराशी असते. उलट झालं असं की दोन्हीकडे पैसे उकळणारं कोणी नसल्यामुळे बोलणी लवकर झाली. महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी 10 ते संध्याकाळी 5, मुलीला मी आजोळहून घेणार आणि तिथेच सोडणार, बुधवारी संध्याकाळी फोन. तो कागद आजही माझ्याकडे आहे आणि तो दोघांनीही पाळला.

आपण वापरतो त्या शब्दाचाही विचार करा. ताबा. शेताचा ताबा, घराचा ताबा, तसाच मुलाचा ताबा. हा शब्द आला कुठून? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे शेत आणि पुरुष म्हणजे बीज असं धरून, पीक कोणाच्या मालकीचं याचा खल केलेला आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे जाळलं गेलं त्यात हा विचारही होता. म्हणून आंबेडकरी बाप न्यायालयात जाऊन "माझं रक्त आहे, मला द्या" असं म्हणू शकत नाही. रक्ताची मालकी सांगणं ही ब्राह्मणी पितृसत्तेची भाषा आहे. आपली मागणी वेगळी आहे. या मुलाला आईही हवी आणि बापही हवा, आणि तो बाप मी आहे.

भारतीय न्यायालयंही याच दिशेने गेली आहेत. मुलं म्हणजे आईबापांची जंगम मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्येच सांगितलं. 1956 च्या कायद्याचं कलम 13 म्हणतं की मुलाचं कल्याण हाच सर्वोच्च विचार. 20 जानेवारी 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूल एका पालकाकडे राहत असलं तरी दुसऱ्याचं प्रेम आणि सहवास मिळणं हा त्या मुलाचा हक्क आहे. अगदी टोकाची परिस्थिती असेल तरच भेट नाकारावी आणि तशी नाकारताना कारणं द्यावीत. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे फोन, व्हिडिओ कॉल यांचाही विचार त्या निकालात आहे. भामरागड आणि चंद्रपूर यांच्यामधल्या बापलेकीसाठी ही मोठी गोष्ट आहे. शब्दांकडे नीट पाहा, हक्क मुलाचा म्हटलेला आहे. बापाचा हक्क मुलाच्या हक्काच्या पाठीमागून येतो.

आणखी एक प्रकार आपल्या भागात बराच दिसतो. आई वारते, बाळंतपणात किंवा आजाराने, आणि मूल आजी-आजोबा किंवा मामाकडे राहतं. बाप कामावर असतो. दोन वर्षांनी न्यायला जातो तर ते देत नाहीत. महाराष्ट्रातल्याच एका अशा प्रकरणात मुलीची आई कॅन्सरने गेली होती, बाप स्वतः आजारी पडला होता आणि मूल मावशी-मामांकडे होतं. मुंबई उच्च न्यायालयाने मूल बापाकडे दिलं आणि 6 मे 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आईकडच्या नातेवाइकांना मुलाला भेटता येईल याचीही सोय त्या निकालात आहे. यातून आपण हेही शिकायचं की जिंकलेल्या बापाने आजोळचं दार बंद करायचं नसतं.

आता आदिवासी बापाबद्दल. अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा पालकत्व कायदा आपोआप लागू होत नाही, त्यांचे विवाह आणि फारकती रूढीने होतात. म्हणून काही वकीलही सांगून मोकळे होतात की तुमचं प्रकरण कोर्टात चालत नाही. हे चूक आहे. 1890 चा पालक व पाल्य अधिनियम सर्वांसाठी आहे. गोंड बाप त्याच कायद्याखाली अर्ज करू शकतो, आणि गोंड आईसुद्धा. गावाच्या बैठकीत समजुतीने मार्ग निघत असेल तर उत्तमच, पेसा कायद्याने ग्रामसभेच्या तंटे सोडवण्याच्या परंपरेला मान दिलाच आहे. पण बैठकीने किंवा कोणत्याही जातपंचायतीने दंड लावला, वाळीत टाकलं, तर 2016 च्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कार कायद्याने तो गुन्हा आहे.

स्टॅम्प पेपरवरच्या फारकतीचं काय? आपल्याकडे वेगळं होताना लिहून देतात, "यापुढे मुलाशी माझा काही संबंध राहणार नाही." खाली अंगठे, पाच साक्षीदार. अशा कागदाने न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत, कारण मुलाचं हित दोन माणसांच्या सहीने विकता येत नाही. तसंच पोटगीचं. मुलाची पोटगी आईने सोडून दिली असं लिहिलं तरी मुलाचा हक्क संपत नाही.

पोटगीवर मला थोडं कठोर बोलायचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बापाला मी पहिला प्रश्न विचारतो, पोराला महिन्याला किती पैसे पाठवतोस? बरेच जण म्हणतात, भेटू देत नाही म्हणून बंद केले. मी सांगतो, आधी सुरू कर, मग अर्ज लिहू. भेट आणि पोटगी हा सौदा नाही. मनीऑर्डरची पावती किंवा बँकेची नोंद न्यायाधीशांसमोर ठेवली की बाप म्हणून तू कोण आहेस ते दहा साक्षीदारांपेक्षा जास्त कळतं. शाळेतून मूल उचलून आणण्याचा सल्ला देणारेही गावात असतात. त्याने पोर घाबरतं आणि पुढे प्रत्येक तारखेला तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध येते.

आणि ज्याने बायकोला मारलं आहे त्याचं काय? त्याच्यासाठी आपण झेंडा घेऊन उभं राहायचं नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 21 स्पष्ट आहे. दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात, बापाच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतात, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर भेट नाकारूही शकतात. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं की नवऱ्याची गुलाम होऊ नका, बरोबरीने उभ्या राहा. 1951 मध्ये हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या माणसाचं नाव घेऊन आपण स्त्रीच्या विरोधात मोर्चा काढू शकत नाही. पण त्याच बाबासाहेबांच्या संविधानात कलम 39-क आहे. 1976 च्या दुरुस्तीने आलेलं हे कलम सांगतं की गरिबीमुळे कोणाला न्याय नाकारला जाऊ नये. त्यात "कोणाला" म्हटलं आहे. आपला बाप त्या शब्दात बसतो.

आता कामाचं बोलू. तालुक्याला न्यायालय असेल तिथे तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं आणि जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष असतात. 15100 हा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे. मूल तेलंगणात असेल तर तिथल्या प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. वकिलाची फी, कोर्ट फी, समन्सचा खर्च, नकलांचा खर्च यात येतो. एसटीचं भाडं मात्र आपलं आपल्यालाच.

अर्जासोबत जातीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड आणि रेशन कार्ड जोडा. बौद्ध पद्धतीने विहारात लागलेली बरीच लग्नं नोंदवलेलीच नसतात. लग्नच नाकारलं गेलं तर मुलाच्या कागदावरचं बापाचं नाव हाच मोठा आधार उरतो. म्हणून लग्नाची नोंदणी आणि मूल जन्मल्यावर 21 दिवसांच्या आत जन्मनोंद ही कामं प्रत्येक घरात झाली पाहिजेत.

निकालाला वेळ लागतो, म्हणून अर्जासोबत तात्पुरत्या भेटीचाही अर्ज द्यायला वकिलाला सांगा. भेटीचा आदेश मोघम घेऊ नका. "सोयीनुसार भेटावे" असं लिहिलं की कोणाचीच सोय होत नाही. वार, वेळ, जागा, आणणार कोण, सोडणार कोण, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांची वाटणी, फोनचा वार, सगळं लिहून घ्या. शेवटची एसटी किती वाजता सुटते ते न्यायाधीशांना तुम्ही सांगितलं नाही तर कळणार नाही. हंगामात तुम्ही बाहेर असता हेही सांगा आणि ते महिने वगळून जास्तीचे दिवस मागा. तडजोड लोकअदालतीत झाली तर तिला हुकूमनाम्याचीच किंमत असते. पुढे परिस्थिती बदलली तर मुलाच्या हितासाठी आदेश बदलूनही मिळतो. समोरचा आदेश पाळत नसेल तर त्याच न्यायालयात अर्ज करा, भांडायला सासरी जाऊ नका. आणि न्यायाधीश समजत्या वयाच्या मुलाला स्वतः विचारतात, त्यामुळे रविवारच्या भेटीत त्याला आईविरुद्ध पढवू नका. पोरं सगळं सांगतात.

कार्यकर्त्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक विहारात दोन तरुण, शक्यतो एक मुलगा आणि एक मुलगी, विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवा. प्राधिकरण त्यांना प्रशिक्षण देतं. पौर्णिमेच्या वंदनेनंतर दहा मिनिटं कलम 12 वाचून दाखवा. बापाला तारखेची आठवण करून द्या, पहिल्या तारखेला सोबत जा. त्याच दिवशी त्या बाईलाही सांगा की तुलाही मोफत वकील आहे. दोघंही आपलीच माणसं आहेत आणि ते लेकरूही आपलंच आहे. ते आपण कोणा एकाकडून जिंकून आणायला निघालेलो नाही.

माझी मुलगी आता चौथीत आहे. मागच्या रविवारी तिने मला विचारलं, "बाबा, तुम्ही कोर्टात काय मागितलं होतं?" मी म्हटलं, रविवार. ती म्हणाली, "मग शनिवार पण मागायचा ना." ते मी पुढच्या अर्जात मागणार आहे.

जयभीम. जय संविधान.